आम्ल, ऑक्सिजन आणि मामांचं मशिन

या आठवड्याचं पत्र :

डॉक्टरसाहेब, नमस्कार. आम्ही जुळे सोलापुरात राहतो. माझे सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो, ६९ वर्षांचे आहेत. उभी हयात पॉवरलूमवर जॉबर म्हणून, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवण्यात काढली. साखर आहे. मागच्या महिन्यात सोसायटीच्या हॉलमध्ये एक माणूस अल्कलाइन पाण्याचं मशिन दाखवायला आला होता. त्यानं आमच्या नळाच्या पाण्यात कसले तरी थेंब टाकले तर ते हिरवट झालं, मशिनच्या पाण्यात टाकले तर जांभळं. म्हणाला, रक्त आम्लधर्मी झालं की हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरची पकड सुटते, म्हणून तुम्हाला थकवा येतो. मामांनी ६८,००० रुपयांचं मशिन हप्त्यावर घ्यायचं ठरवलंय, ५,००० आगाऊ दिलेसुद्धा. त्याच्याच सांगण्यावरून सकाळी अर्धा तास भराभर श्वास घेतात. मग बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, पण ऑक्सिमीटरवर ९९ दिसतं म्हणून खूश असतात. मी म्हटलं, ही फसवाफसवी आहे. तर माझा बारावीतला मुलगा पुस्तकच घेऊन आला. त्यात खरंच लिहिलंय की आम्लता वाढली की हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडतं. मग तो माणूस खरं बोलत होता का? मामांना काय सांगू?
– एक सून, जुळे सोलापूर
ता. क. नमुना म्हणून त्या पाण्याचा रोज एक कॅन येतो. तो सुरू झाल्यापासून मामांनी रात्रीचं इन्सुलिन बंद केलंय. आठवडा झाला. म्हणतात, बरं वाटतंय.

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही ताजा कलम करून लिहिलीत, म्हणून मी उलटीकडून सुरुवात करतो. पुढचं वाचायच्या आधी मामांची साखर तपासा आणि ज्या डॉक्टरांनी इन्सुलिन दिलंय त्यांना आजच फोन करून सांगा की आठवडाभर सुई बंद आहे. राहिलेले डोस मनानंच भरून काढायला जाऊ नका. तो हिशेब डॉक्टरांचा आहे. उलट्या, पोटदुखी, सारखी तहान आणि लघवी, गुंगी, किंवा बसल्या जागी खोल-खोल, थांबवता न येणारा श्वास, यातलं काहीही दिसलं तर फोनसुद्धा नको. रिक्षा करा आणि सिव्हिल किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा. का, ते पुढे येईलच, कारण तुमच्या मुलाच्या पुस्तकातला धडा आणि मामांची बंद पडलेली सुई यांचा संबंध आहे.

आता मुलाकडे वळू. त्याला आधी शाबासकी द्या. आईनं 'फसवाफसवी' म्हटल्यावर पुस्तक उघडून बघणारं पोर रोज सापडत नाही. आणि हो, पुस्तकात लिहिलंय ते खरं आहे. मशिनवाल्याचं वाक्यही खरंच आहे. त्यानं फक्त त्याचा अर्थ उलटा लावला.

ही गोष्ट पहिल्यांदा नीट मोजली गेली १९०४ साली, कोपनहेगनमध्ये. ख्रिस्तियान बोहर, कार्ल हॅसेलबाल्ख आणि ऑगस्ट क्रोग या तिघांनी दाखवलं, की रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरची पकड ढिली होते. म्हणून याचं नाव 'बोहर परिणाम'. (अणूच्या धड्यात भेटणारे नील्स बोहर ते या ख्रिस्तियान बोहरांचे चिरंजीव. परीक्षेत वडलांच्या प्रश्नाला मुलाचं उत्तर लिहून आलेल्या कितीतरी उत्तरपत्रिका मी तपासल्या आहेत.)

आता जरा आपल्या मार्केट यार्डात चला. कांद्याच्या दिवसांत तिथे हमालांची धावपळ तुम्ही पाहिली असेल. समजा, एक हमाल इतका इमानी निघाला की पाठीवर घेतलेलं पोतं त्यानं सोडलंच नाही. गाळ्यापाशी आला, व्यापारी म्हणतोय उतरव, आणि हा पोतं घट्ट धरून उभा. अशा हमालाला कोण मजुरी देईल? हिमोग्लोबिन हा हमालच आहे. एका रेणूत चार जागा, प्रत्येक जागी लोहाचा एक अणू, त्यावर ऑक्सिजनचा एक रेणू बसतो. फुप्फुसात भरायचं, स्नायूत, मेंदूत, हृदयात उतरवायचं. मशिनवाल्यानं तुम्हाला फक्त 'धरून ठेवण्याचं' कौतुक सांगितलं. उतरवण्याचं काय, हे त्याला कुणी विचारलं नाही.

पण हमालाला गाळा कळतो कसा? त्याच्या हातात चिठ्ठी असते. रक्तात ती चिठ्ठी म्हणजे आम्ल. जो स्नायू राबतो तो ऑक्सिजन खातो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. हा वायू तांबड्या पेशीत शिरला की तिथलं एक विकर (एन्झाइम), कार्बोनिक अनहायड्रेज, त्याचं पाण्याबरोबर क्षणार्धात कार्बोनिक आम्ल करतं. सोडावॉटरच्या बाटलीत असतं तेच आम्ल. ते लगेच फुटतं : बायकार्बोनेट पेशीबाहेर निघून प्लाझ्मात, म्हणजे रक्ताच्या द्रव भागात जातं आणि हायड्रोजन आयन, म्हणजे आम्लाला आम्लपणा देणारा कण, हिमोग्लोबिनला चिकटतो. चिकटल्यावर हिमोग्लोबिनचा आकार किंचित बदलतो आणि ऑक्सिजनची जागा ढिली होते. जिथे चूल पेटलीय तिथे धूर आहे, आणि धुराच्या वासावरच सरपण उतरवलं जातंय. वर नियंत्रण कक्ष नाही, कुणी हुकूम देत नाही. ज्या स्नायूला जास्त हवं, त्याच्याच धुरानं त्याला जास्त मिळतं. इतकी वर्षं शिकवूनही मला हे दर वेळी नवं वाटतं.

आकार बदलतो म्हणजे नेमकं काय होतं, तेही मुलाला सांगा, त्याला आवडेल. मॅक्स पेरुट्झ यांनी केंब्रिजमध्ये वर्षानुवर्षं क्ष-किरणांनी हिमोग्लोबिनचे स्फटिक तपासले आणि १९६२ साली त्यांना जॉन केंड्र्यू यांच्याबरोबर रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. या रेणूचे दोन आकार असतात, एक ताणलेला, एक सैल. गंमत अशी, की ताणलेला आकार ऑक्सिजन सोडतो आणि सैल आकार धरून ठेवतो. हायड्रोजन आयन आले की प्रथिनाच्या साखळीच्या टोकाजवळच्या हिस्टिडिन या अमिनो आम्लावर बसून ताणलेला आकार टिकवतात.

थोडे आकडे, म्हणजे वाद मिटेल. पीएच हे आम्लतेचं माप : आकडा जितका खाली तितकं आम्ल जास्त, जितका वर तितकी अल्कली, म्हणजे आम्लाच्या उलट. धमनीतल्या रक्ताचा पीएच साधारण ७.४, निरोगी माणसात ७.३५ ते ७.४५ च्या मध्ये. फुप्फुसात ऑक्सिजनचा दाब १०० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास, तिथे हिमोग्लोबिन ९७-९८ टक्के भरतं. आराम करणाऱ्या शरीरातून परतताना दाब ४० वर येतो आणि हिमोग्लोबिन ७५ टक्के भरलेलं असतं, म्हणजे चारातलं एक पोतं उतरलं, तीन तशीच परत. आता मामा लिफ्ट बंद म्हणून तीन जिने चढले आणि मांडीतल्या रक्ताचा पीएच ७.२ ला आला असं धरा. त्याच ४० च्या दाबाला हिमोग्लोबिन आता ६३ टक्क्यांच्या आसपास येतं. शंभरातली बारा पोती जादा उतरली, तीही दाब आणखी न घसरता. शिवाय राबणारा स्नायू गरम असतो, दाबही घसरतो, त्यामुळे खरी उतराई याहून बरीच मोठी.

"मग फुप्फुसात भरताना तेवढंच नुकसान होत असेल की!" हा प्रश्न तुमच्या मुलानं विचारायलाच हवा. उत्तर असं, की १०० च्या दाबाला पकड ढिली असली तरी फारसं बिघडत नाही. पीएच ७.२ धरला तरी हिमोग्लोबिन सुमारे ९५ टक्के भरतं. ऑक्सिजनचा दाब आणि हिमोग्लोबिनचं भरणं यांचा आलेख तिथे वर सपाट असतो आणि खाली उताराचा, सगळी करामत या आकारात आहे. भरताना दोन-तीन पोत्यांचा तोटा, उतरवताना बारा पोत्यांचा फायदा. आणि प्रत्यक्षात तेवढा तोटाही होत नाही, कारण रक्त फुप्फुसात पोचताच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आम्ल ओसरतं, पकड पुन्हा घट्ट होते. चिठ्ठी तिथेच फाडली जाते. (हा आलेख डावीकडे सरकला की काय आणि उजवीकडे सरकला की काय, यावर दर वर्षी निम्मा वर्ग चुकायचा. मी शेवटी शेवटी सांगायचो : उजव्या हातानं दान, म्हणजे उजवीकडे सरकला की ऑक्सिजन सुटतो.)

म्हणजे मशिनवाल्याचं वाक्य पूर्ण केलं तर ते असं होतं : राबणाऱ्या स्नायूपाशी रक्त किंचित आम्लधर्मी होतं, म्हणून पकड सुटते, म्हणून तर ऑक्सिजन मिळतो. मामांचा थकवा यातून येत नाही. साखर असलेल्या ६९ वर्षांच्या माणसाच्या थकव्याची कारणं वेगळी शोधावी लागतात : साखरच, रक्त कमी असणं, थायरॉइड, हृदय, किडनी. ६८,००० रुपयांत या सगळ्यांच्या तपासण्या होऊन वर बरेच पैसे उरतील.

आता त्या सकाळच्या भराभर श्वासाबद्दल. मशिनइतकाच मला त्याचा राग आहे. मामांना वाटतं, जास्त श्वास म्हणजे जास्त ऑक्सिजन. पण नीट भरलेल्या रक्तात आणखी भरायला जागाच कुठे आहे? ९७ चे ९९ होतात, बस्स. जातो तो कार्बन डायऑक्साइड. तो धुऊन निघाला की रक्त अल्कलीकडे झुकतं, म्हणजे मशिनवाल्यानं वचन दिलेलं 'अल्कलाइन रक्त' मामा रोज सकाळी फुकटात तयार करतायत. आणि त्याचा परिणाम? पहिला म्हणजे हिमोग्लोबिन आता पोतं घट्ट धरतं. दुसरा आणि मोठा, मेंदूच्या रक्तवाहिन्या कार्बन डायऑक्साइड कमी झाला की आखडतात, मेंदूकडे जाणारं रक्तच घटतं. गरगरणं मुख्यतः त्यामुळे. तिसरा, रक्तातलं मोकळं कॅल्शियम प्रथिनांना जास्त चिकटतं, नसा चाळवतात, म्हणून बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या. ऑक्सिमीटरवर ९९ झळकत असताना मेंदूला मात्र नेहमीपेक्षा कमी पोचतंय, हे चित्र मामांच्या डोळ्यांपुढे उभं करा.

त्यांना प्राणायाम करू नका असं मी म्हणत नाही. सावकाश करा म्हणतो. मुंग्या आल्या की थांबायचं, आणि तोल जाईल अशा जागी, जिन्याशी किंवा गच्चीच्या कठड्याशी, बसायचं नाही. मुंग्या आल्यावर कागदी पिशवीत श्वास घ्यायचा जुना उपायही करू नका. धाप हृदयाची किंवा दम्याची असेल तर तो उपाय अंगाशी येतो.

ऑक्सिमीटर वाईट नाही. करोनात त्यानं खूप कामं केली. पण तो एवढंच सांगतो की हमालाच्या पाठीवर पोतं आहे की नाही. हमाल किती आहेत ते त्याला दिसत नाही, म्हणजे हिमोग्लोबिन १५ असो वा ७, आकडा ९८ येऊ शकतो. पोतं उतरलं की नाही हेही दिसत नाही. आणि रक्ताचा पीएच तर त्याला मुळीच कळत नाही. तो मोजायला मनगटाच्या धमनीत सुई घालून रक्त घ्यावं लागतं. त्याला एबीजी म्हणतात, चांगलंच दुखतं, आणि सिरिंजमधली हवा काढून नमुना लगेच यंत्रावर न्यावा लागतो, नाहीतर आकडे बदलतात. 'तुमचं रक्त आम्लधर्मी आहे' असं सोसायटीच्या हॉलमध्ये खुर्चीवर बसवून सांगणाऱ्याला विचारा, एबीजीचा कागद कुठे आहे?

थेंबांचा खेळ तर तुमच्या स्वयंपाकघरात रोज होतो. पांढऱ्या टॉवेलला हळदीचे हात पुसले आणि तो साबणाला लागला की डाग लालभडक होतो ना? हळदीला अल्कली लागली की तिचा रंग बदलतो. त्यावर लिंबू पिळा, पुन्हा पिवळा. मशिनवाल्याच्या बाटलीतले थेंब याच जातीचे. त्यांनी दाखवला पाण्याचा पीएच. त्या पाण्याचं मामांच्या रक्तात काय होतं, हे त्या थेंबांना काय माहीत?

होत काहीच नाही. ते पाणी आधी जठरात पडतं, जिथला पीएच दीड ते साडेतीन असतो. ९ पीएचच्या एक लिटर पाण्यात मोकळी अल्कली किती? मिलिमोलचा (रसायनात कणांची संख्या मोजायचं एकक) शंभरावा भाग. त्यात विरघळलेले क्षार धरले तरी समोर काय आहे बघा : आपली फुप्फुसं दिवसाला सुमारे १५,००० मिलिमोल कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात, तेही आपलं लक्ष नसताना. उरलेलं, सत्तरेक मिलिमोल आम्ल, किडनी लघवीतून काढते. पाणी, लिंबू, ताक, भाकरी, काहीही खा-प्या, लघवीचा पीएच वरखाली होईल, रक्ताचा नाही. तसा तो होऊ लागला तर समजायचं की फुप्फुस, किडनी किंवा इन्सुलिन यांपैकी कुणीतरी काम सोडलंय.

आणि इथेच तुमचा ताजा कलम येतो.

शरीरात इन्सुलिन फार कमी पडलं की रक्तात साखर भरपूर असूनही पेशीत शिरत नाही. मग शरीर चरबी जाळायला घेतं आणि यकृत त्यातून कीटोन नावाची आम्लं तयार करतं. ही आम्लं साठत गेली की रक्ताचा पीएच खरोखर ७.३ च्या खाली घसरतो. ज्या 'आम्लधर्मी रक्ता'ची भीती मामांना दाखवली गेली, ते खरं आम्लधर्मी रक्त हे. आणि ते अल्कलाइन पाण्याच्या नादानं सुई बंद केल्यामुळे होऊ शकतं. मामांच्या वयाच्या साखरेत थोडं इन्सुलिन अंगात बहुधा शिल्लक असतं, म्हणून आठवडा निभावला असेल. पण साधा ताप, जंतुसंसर्ग, जुलाब एवढं निमित्तही पुरतं.

तेव्हा शरीर काय करतं? आम्ल कमी करायचा सगळ्यात झटपट मार्ग म्हणजे कार्बन डायऑक्साइड फेकणं. म्हणून श्वास खोल आणि वेगानं चालू होतो, माणूस बसला असला तरी, झोपला असला तरी. अडॉल्फ कुसमाउल या जर्मन डॉक्टरांनी १८७४ साली असा श्वास वर्णन केला, आजही त्यांच्याच नावानं ओळखतात. तोंडाला अतिपक्व फळासारखा किंवा नेलपॉलिश काढायच्या द्रावणासारखा वास येतो. माझ्या उमेदवारीच्या दिवसांत एका पेशंटला घरच्यांनी 'दम लागलाय' म्हणून आणलं होतं. कॉटशी वाकलो आणि तो वास आला. छाती तपासायच्या आधी मी साखर मोजायला सांगितली. नीट लक्षात ठेवा, अशा माणसाचा ऑक्सिमीटर ९८-९९ दाखवू शकतो. मामा तो आकडा बघून पुन्हा खूश होतील. तुम्ही होऊ नका.

'रक्तात आम्ल आहे ना, मग खायचा सोडा पाजू,' असंही घरात कुणीतरी म्हणेल, सोलापुरात पोटातल्या ॲसिडिटीवर हाच इलाज चालतो म्हणून. नको. या आजारात हॉस्पिटलातसुद्धा शिरेतून बायकार्बोनेट, म्हणजे सोड्यातलंच द्रव्य, सहसा देत नाहीत, पीएच ७ च्या खाली गेला तरच विचार करतात. याच्या कारणांत एक कारण आपल्या हमालाचं आहे. आम्लता दिवस-दोन दिवस टिकली की तांबड्या पेशीतलं २,३-बीपीजी नावाचं द्रव्य कमी होतं. हे द्रव्यही पकड ढिली ठेवायला मदत करत असतं. म्हणजे आम्ल पकड सोडवतंय आणि या द्रव्याची टंचाई घट्ट करतेय, दोन्ही मिळून काटा कसाबसा मध्ये. अशा वेळी घाईनं आम्ल पुसून टाकलं तर घट्टपणा तेवढा उरतो आणि ऑक्सिजन उतरेना होतो. खरा इलाज शिरेतून सलाईन, इन्सुलिन आणि पोटॅशियमवर डोळ्यांत तेल घालून लक्ष. तो घरी होत नाही.

राहता राहिलं, मामांना कसं सांगायचं. त्यांना 'तुम्ही फसलात' म्हणू नका. पस्तीस-चाळीस वर्षं माग चालता ठेवलेला माणूस आहे. त्यांना विचारा : मामा, धोट्यातून सूत सुटलंच नाही तर काय होतं? कापड विणलं जातं का? ते हसतील, कारण जॉबरला सूत नेमकं किती ताणाचं सुटायला हवं हे जेवढं कळतं तेवढं आम्हा डॉक्टरांनाही कळत नाही. फार घट्ट, तर तुटतं. फार सैल, तर गुंता. मग हळदीचा टॉवेल आणि साबण त्यांच्यासमोर धरा, लिंबू नातवाच्या हातात द्या. पुस्तकातला आलेखही त्यालाच समजावू दे, नातवाचं ऐकलं जातं.

कॅन परत करा आणि पाच हजारांची पावती असेल तर पैसे लेखी मागा. पावती दिलेली नसेल तर पैसे गेले असं धरून चाला, पण पुढच्या हप्त्यावर सही होऊ देऊ नका. ते पाणी आठवडाभर प्यायल्यानं बिघडलं काही नाही. बिघडलं असेल तर सुईमुळे. पुढच्या पत्रात मामांची साखर किती आली ते कळवा, उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची, दोन्ही.